सावलीची वाटणी होत नाही

उत्तरा नक्षत्र निघाले की आमच्या भागात कुणाला बोलायला सवड नसते. शाळवाची पेरणी तोंडावर आलेली असते, बियाणे काढायचे असते, रानाला वाफसा कधी येतो इकडे सगळ्यांचे डोळे असतात. त्यात पितरांचा पंधरवडा, पाठोपाठ घट बसणार, मग दसरा. अशा धांदलीत मी झाडे लावायला सांगू लागले तर पुष्कळ जणी हसतील. "आता कसली झाडं लावता काकी? झाडं लावायची ती आषाढात!" असे म्हणतील. म्हणू देत. तीस वर्षांवर काळ झाला, आमच्या घरात झाडे याच दिवसांत लागतात आणि ती जगतात. का जगतात आणि कशापायी लावली, ते दोन्ही सांगते.

वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. १९५० साली कन्हैयालाल मुनशी दिल्लीत अन्न आणि शेतीखात्याचे मंत्री असताना त्यांनी तो सुरू केला. चांगले काम झाले. कोकणात, मावळात, घाटमाथ्यावर तोच काळ बरोबर आहे. तिथे रोप पहिल्या पावसात लागले की चार महिने त्याला पाणी घालावे लागत नाही. त्या बाजूच्या वाचकांनी आमचे अनुकरण करू नये. पण आमचे गाव बार्शीच्या बाजूला. इथे मृग कधी पडतो, कधी हूल देऊन जातो. आषाढात नुसता वारा सुटतो आणि ढग पळत राहतात. जुलैत लावलेल्या रोपाला दोन सरी मिळतात आणि पुढे पंधरा-वीस दिवस उघडीप. आमच्याकडचा खरा पाऊस भाद्रपद-आश्विनातला. म्हणून तर इथे खरिपापेक्षा रब्बीच्या शाळवावर घर चालत आले. जो पाऊस शाळवाला चालतो, तो झाडाला का चालू नये, असा साधा हिशेब आहे.

आणखी एक गोष्ट. काळ्या रानात भर पावसात रोप लावले की पायाखाली चिखल तुडवला जातो, माती घट्ट बसते, मुळाशी पाणी साचते. भाद्रपदाच्या शेवटी एक मोठा पाऊस होऊन वाफसा आला, की माती हातात मोकळी होते आणि खाली दोन-अडीच हात ओल गेलेली असते. ऊन मवाळ असते, पण जमीन अजून ऊबदार असते. रोपाचे मूळ त्या ओलीमागे खाली उतरते. थंडी पडेपर्यंत त्याला महिना-दीड महिना मिळतो, तेवढा त्याला पुरतो.

आता कशापायी लावली ते.

१९७२ च्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन या घरात आले. त्या वेळी आमच्या विहिरीवर एक कडुनिंब होता. मामंजींच्या वडिलांनी लावलेला, असे सांगत. दोघांनी हात पसरले तरी कवेत येत नसे. दुपारची बैले त्याच्याखाली सुटत. बायका भाकरी तिथेच सोडत. गुऱ्हाळाचा विषय असो, सोयरिकीचा असो की भांडणाचा, बोलणी त्याच्याखालीच व्हायची. माझ्या दोन्ही मुलांच्या झोळ्या त्याच फांदीला होत्या, आणि कामाला येणाऱ्या बायकांच्या लेकरांच्याही. ज्या फांदीला मालकाचे पोर झोपले, त्याच फांदीला मजुराचे झोपले.

१९९१ साली दिवाळी झाल्यावर तिघा भावांची वाटणी झाली. वाटणी व्हायला नको होती असे मी म्हणत नाही. घर वाढले की ती होतेच. मोजणी झाली, खुणा रोवल्या, आणि निंब नेमका थोरले भावजी आणि आमच्या हद्दीवर आला. विहीर तिघांच्या सामाईकीत ठेवली. निंबाचे काय करायचे यावर तीन दिवस बोलणे झाले. एक म्हणे माझा, दुसरा म्हणे माझा, धाकटे भावजी म्हणत, झाड आजोबाचे, त्यात माझाही हिस्सा. शेवटी तोडगा निघाला तो असा, की झाड विकायचे आणि पैसे तीन ठिकाणी करायचे. आम्हा तिघी जावांना कुणी विचारले नाही. लाकूडवाला आला, दोन दिवसांत झाड आडवे झाले. वाट्याला आलेले पैसे सालगड्याच्या उचलीत आणि खताच्या उधारीत गेले. तिन्ही घरांतून ते पुढच्या होळीच्या आत संपले.

सावली किती होती ते त्यानंतरच्या वैशाखात कळले. उन्हाळी भुईमूग काढायला आला होता. वेल उपटून झाले की बायका एका जागी बसून शेंगा तोडतात; ते काम सावलीचे. त्या वर्षी त्या उन्हात बसल्या, डोक्यावर ओला पदर घेऊन. एकीची चार-पाच महिन्यांची लेक होती. झोळी कुठे बांधावी? गाडी उभी केली, तिच्याखाली पोर निजवले, वरून लुगडे सोडले. दुपारी दोनच्या सुमाराला तिने लुगडे उचलले तर पोर हात-पाय टाकून पडलेले, अंगाची भट्टी झालेली, रडायलाही त्राण नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून मालकांनी तिला मोटरसायकलवर तालुक्याला नेले. दोन दिवस ती दवाखान्यात होती. देवाची कृपा, पोर वाचले. आज ती लेक तिच्या सासरी नांदते आहे.

तिची आई मात्र परत आमच्या कामाला आली नाही. मी बोलवायला गेले तेव्हा ती रागाने बोलली नाही. एवढेच म्हणाली, "रोज चांगला देता काकी, पर तुमच्या रानात सावली न्हाई. लेकरू कुठं निजवू?"

मी घरी आले आणि थोरल्या जाऊबाईंकडे गेले. वाटणी झाल्यापासून दोन घरांत बोलणे बेताचेच होते. मी त्यांना तिचे शब्द सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "झाड लावू. पर हद्दीवर न्हाई लावायचं. माझ्या हद्दीत लाव. पाणी मात्र तिघींनी घालायचं." मी म्हटले, "आणि उद्या कुणी म्हणलं, तुमच्या हद्दीतलं झाड, तुमची सावली, तर?" त्या म्हणाल्या, "लाकूड ज्याच्या हद्दीत त्याचं. सावली जो बसंल त्याची." धाकटीला बोलावून तिलाही विचारले. ती हो म्हणाली, पण तिने एक अट घातली: "मला एक फुलाचं झाड पायजे. नुसता निंब काय बघायचा?"

इथे थोरल्या जाऊबाईंचे शहाणपण सांगितले पाहिजे. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण झाड कधी नागवे होते आणि कधी पांघरते हे त्यांना पाठ होते. त्या म्हणाल्या, "फुलाचं लाव, पर झोळीला न्हाई, वाटंवर लाव." बाजारात रोपे घेताना पुष्कळ जण इथेच चुकतात, म्हणून जरा फोड करते. आपल्याकडची रंगाची झाडे बहुतेक फुलताना पाने टाकतात. पळस माघ-फाल्गुनात केशरी पेटतो, तेव्हा त्याच्या अंगावर पान नसते. पांगाऱ्याचे तेच, काटेसावरीचे तेच. बहावा चैत्र-वैशाखात पिवळ्या झुंबरांनी लगडतो, पण त्या वेळी त्याची सावली चाळणीसारखी असते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तोही ऐन चैत्रात उघडा असतो आणि वादळात त्याच्या फांद्या काडकन मोडतात, म्हणून तो घराच्या छपरापासून लांब बरा. डोळ्याला ही झाडे हवीतच, पण दुपारी बारा वाजता त्यांच्याखाली लेकरू निजवता येत नाही.

सावलीची झाडे वेगळी. कडुनिंब फाल्गुनात पाने गाळतो, पाडव्याला तांबूस कोवळी पालवी येते आणि वैशाखात ज्या वेळी गरज, त्या वेळी तो गर्द असतो. करंजाचेही तसेच, थोडे दिवस झडतो आणि उन्हाळा तापायच्या आत पोपटी पानांनी भरून जातो. काळ्या रानात करंज चांगला येतो आणि शेरडे त्याला फारशी तोंड लावत नाहीत. चिंच सावकाश वाढते, पण पिढ्यान् पिढ्या टिकते आणि चार पैसेही देते. वड, पिंपळ, उंबर ही मोठी झाडे. त्यांना गावठाण, देवळाचे आवार किंवा ओढ्याचा काठ द्यावा, विहिरीच्या बांधकामाजवळ आणू नयेत, कारण त्यांची मुळे दगडात शिरतात.

त्या भाद्रपदात, १९९२ साली, आम्ही तीन झाडे लावली. विहिरीच्या पश्चिमेला मोकळ्या जागेत थोरल्या जाऊबाईंच्या हद्दीत निंब, आमच्या गोठ्याच्या पश्चिमेला करंज, आणि रस्त्यावरून विहिरीकडे येणाऱ्या वाटेवर धाकटीच्या रानात बहावा. पश्चिमेला का, तर उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सावली बुडाशीच पडते. पण तीननंतरचे ऊन पश्चिमेकडून तिरपे येते आणि भिंत, गोठा, छप्पर तापवते. ते ऊन अडवले की गोठा संध्याकाळी लवकर निवतो. घराच्या दक्षिणेला दाट झाड लावू नये. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि अंगणातले ऊन तेव्हा म्हाताऱ्यांना आणि वाळवणाला हवे असते.

बांधावर लावायचे असेल तर शेजाऱ्याला आधी विचारावे. आपल्या उत्तरेच्या बांधावरच्या झाडाची सावली हिवाळाभर शेजाऱ्याच्या शाळवावर पडते, आणि झाडाच्या बुडाशी पीक खुरटते हे खरे आहे. ते नाकारून भांडण मिटत नाही. त्यावर उपाय आहेत. झाड आणि पीक यांच्यामध्ये दीड-दोन फूट खोल चर काढला की आडवी मुळे तुटतात. खालच्या फांद्या दरवर्षी छाटल्या की सावली उंच जाते आणि फिरती पडते.

लावण्याची रीत सोपी आहे. खड्डा चैत्र-वैशाखातच काढून ठेवावा, दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल. उन्हाने माती भाजून निघते. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाकावी. भरताना वरची माती, एक-दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत आणि चिकण रान असेल तर पाटीभर मुरूम एकत्र करावे. वाळवीचा त्रास असेल तर ओंजळभर निंबोळी पेंड घालावी. खत कच्चे असू नये, कच्च्या खताला वाळवी हटकून लागते. पिशवी ब्लेडने कापून काढावी. बुडाशी मुळांचे वेटोळे झाले असेल तर तेवढे कापावे. रोप पिशवीत जेवढे मातीत होते तेवढेच खड्ड्यात पुरावे, पायाने हलके दाबावे, काठीचा आधार द्यावा. शेरडांसाठी भोवती बाभळीच्या काट्या लावाव्या. कुंपणावाचून लावलेले झाड म्हणजे शेजारच्या शेळीची वैरण.

पुढचे काम आळशीपणा खपवून घेत नाही. काळ्या जमिनीला माघापासून भेगा पडू लागतात. भेग रोपाजवळून गेली की मूळ तुटते आणि ओल उडून जाते. म्हणून आळे खुरप्याने हलवून भेगा बुजवत राहावे आणि वर पाचट, तूरकाट्या, भुसा, जे असेल त्याचा चार बोटे थर द्यावा, खोडाला चिकटू न देता. पहिले दोन उन्हाळे पाणी घालावेच लागते. ते घालायची तयारी नसेल तर कुठल्याही नक्षत्रावर झाड लावू नये. आम्ही प्रत्येक रोपाशेजारी एक जुने मडके पुरले, बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घातली. मडके भरले की पाणी तीन-चार दिवस झिरपत राहते. विहिरीवर मोटरची पाळी जिची, मडकी भरायची पाळी तिची, असे ठरले. घरचे आंघोळीचे, भांड्याचे पाणीही चाले.

त्या पाळीने आणखी एक काम केले. आज मडके भरलेस का, हे विचारायला तरी एकमेकींच्या दारात जावे लागे. दारात गेल्यावर नुसते मडक्याचे बोलून कोण परत येते? पुरुषमाणसांचे अबोले पुढे दोन वर्षे चालले. आमचे पहिल्या संक्रांतीलाच संपले.

निंब पाचव्या वर्षी एका माणसाला पुरेल इतका झाला, दहाव्या वर्षी त्याला झोळी बांधली. बहाव्याला आठव्या वर्षी फूल आले. धाकटी त्या दिवशी पोराटोरांना घेऊन वाटेवर उभी होती, जणू वरात यायची आहे. नंतर आम्हाला गोडी लागली. बांधाच्या टोकाला दोन पळस लावले. पळस हळू वाढतो, पण भारी, चोपण जमिनीतही टिकतो आणि पाने पत्रावळीला होतात. एके वर्षी दसऱ्याला आपटा लावला. सोने म्हणून आपट्याच्या फांद्या ओरबाडायच्या, आणि आपटा मिळाला नाही की कांचनाला हात घालायचा, त्यापेक्षा दसऱ्याच्या दिवशी एक आपटा लावावा असे मला वाटते. सीमोल्लंघनाला गेलेली माणसे आमच्या आपट्याची पाच-दहा पाने घेतात, फांदी मोडू देत नाही.

थंड मुलुखात या शरदाच्या दिवसांत पाने लाल-पिवळी होऊन गळतात आणि लोक ते रंग बघायला गावोगाव हिंडतात, असे वाचले आहे. आपल्याकडे शरदात रान हिरवे असते. रंगात रक्तकांचनाची जांभळी फुले काय ती दिसतात. आपली झाडे रंग उन्हाळ्यासाठी राखून ठेवतात. शाळेच्या आवारातला देशी बदाम तेवढा थंडीच्या अखेरीस पाने लालभडक करून टाकतो. बाकी पळस, पांगारा, पिंपळाची तांबूस पालवी, बहावा, गुलमोहर हे सारे माघ ते ज्येष्ठ, म्हणजे जेव्हा रान करपलेले आणि माणसाचे मन वैतागलेले असते तेव्हाचे. तो रंग पुढे बघायचा असेल तर त्याचे रोप या ओलीत जमिनीत गेले पाहिजे.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आमची विहीरही त्या वर्षी कोरडी पडली होती, माणसांना टँकरचे पाणी होते. झाडांना कुणी थेंब घातला नाही. तरी निंब आणि करंज हिरवे राहिले, कारण त्यांची मुळे आमच्या हाताच्या पलीकडे गेली होती. त्या दोन महिन्यांत तिन्ही घरची जनावरे आणि टँकरची वाट बघणारी वस्तीवरची माणसे त्या निंबाखाली बसून होती.

हे सगळे आता लिहायचे कारण वेगळे आहे. थोरल्या जाऊबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या मुलांची वाटणी निघाली आहे. निंब आमच्या जुन्या बोलीप्रमाणे त्यांच्या हद्दीत आहे, म्हणजे लाकूड त्यांचे. थोरला पुतण्या परवा येऊन बसला. म्हणाला, "काकी, तिथं ठिबकची टाकी अन् शेड बांधायचं म्हणतोय. निंब मधी येतो." मी त्याला नाही म्हटले नाही, झाड त्याचे आहे. मी त्याला त्या वैशाखाची, गाडीखालच्या पोराची हकीकत सांगितली. त्या वेळी तो सात-आठ वर्षांचा होता, त्याला काही आठवत नव्हते. आईने असे काही ठरवले होते हेही त्याला माहीत नव्हते. तो ऐकून उठून गेला. टाकी कुठे बांधणार ते अजून त्याने सांगितलेले नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. तुमच्या घरात वाटणीचे बोलणे निघाले असेल तर जमीन, विहीर, वाट यांच्याबरोबर सावलीचेही बोला, आणि ते पोरांच्या देखत बोला. झाडाची नोंद सातबाऱ्यावर होऊ शकते, सावलीची होत नाही. ती कुणी बसायची हे माणसांनीच तोंडाने ठरवावे लागते आणि पुढच्या पिढीला सांगावे लागते. आम्ही तिघींनी ठरवले ते बरोबर ठरवले, पण ते तिघींतच राहिले.

आणि यंदा, शाळवाचे पेरून झाले की एक सकाळ राखून ठेवा. आम्ही आमच्या हद्दीत विहिरीच्या बाजूला दोन खड्डे उन्हाळ्यातच काढून ठेवले आहेत. एक निंबाचा, एक करंजाचा. रोपे तालुक्याच्या रोपवाटिकेतून आणायला नातवाला सांगितले आहे. तिसरे एक बहाव्याचे आण, असे धाकटीने त्याला परस्पर बजावले आहे. मडकी मी शोधून ठेवली आहेत. हत्तीचा एक पाऊस होऊन वाफसा आला की रोपे लागतील.